कृष्णा-पंचगंगेकाठच्या नगरपालिकांनी पूर नियोजन एकत्र करावे की आपापले?

पाण्याचा हिशेब एकत्र, शहरातली कामे आपापली. एका गावाने पूरपट्ट्यात भराव टाकला की पाणी समोरच्या काठावर आणि वरच्या अंगाला चढते. म्हणून निळी रेषा (२५ वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि लाल रेषा (१०० वर्षांतून एकदा) सगळ्यांच्या विकास आराखड्यात एकाच सर्वेक्षणावरून यायला हव्यात. निळ्या रेषेच्या आत बांधकाम परवानगी नकोच. इथे एकाने ढिलाई केली तर बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

इशाऱ्याची पातळी लोकांना समजेल अशी लावा. सांगलीत आयर्विन पुलाशी ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. पण नुसता आकडा पुरत नाही. कोणत्या फुटाला कोणती गल्ली बुडते याचा तक्ता प्रभागवार लावा, आणि स्थलांतर धोका पातळीच्या आधीच सुरू करा. धरणातून १ लाख क्युसेक (सेकंदाला १ लाख घनफूट) विसर्ग म्हणजे दिवसाला ८.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, हे गणित नियंत्रण कक्षात प्रत्येकाला यायला हवे.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे नाल्यांची तोंडे. नदी चढली की पाणी नाल्यातूनच उलटे शहरात शिरते. तिथे झडपेचे दरवाजे बसवा. मात्र दरवाजा बंद झाल्यावर शहरातल्या पावसाचे पाणी आत तुंबते, त्यामुळे सोबत डिझेल पंप हवेतच. झडपेत प्लास्टिक अडकले तर ती मिटत नाही, म्हणून मे महिन्यात सफाई आणि चाचणी करा. जॅकवेलच्या (नदीतून शहरासाठी पाणी उचलणाऱ्या विहिरीच्या) मोटारी आणि वीज पॅनेल २०१९ आणि २०२१ च्या पूरपातळीच्या वर घ्या, नाहीतर भर पुरात नळ कोरडे पडतात.