सांगलीत नदीकाठी तळमजल्यावर राहायला आलो आहोत, घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत. महापुराची तयारी कशी करावी?

सामानाच्या यादीआधी आपण एक आकडा ठरवावा, असे मी सांगलीकर म्हणून आग्रहाने सांगेन: आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती फूट झाली की घर सोडायचे. तेथे 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी मानली जाते; परंतु आपल्या गल्लीत पाणी नेमके किती फुटांना शिरते, हे जुन्या शेजाऱ्यांकडून समजून घ्यावे आणि त्याच्या चार-पाच फूट अलीकडचा आकडा घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा. ऑगस्ट 2019 मध्ये 2005 च्या पुराची खूण प्रमाण मानून अनेक कुटुंबे घरातच थांबली आणि पाणी ती खूण ओलांडून 57 फुटांपर्यंत चढले.

चिपळूणला जुलै 2021 मध्ये पाणी काही तासांतच शहरात शिरले होते. आपल्याकडे कोयनेचा विसर्ग आणि वाटेतल्या पावसाचे पाणी येऊन पोहोचायला वेळ लागतो, आणि रुग्ण असलेल्या घराने हा वेळ वाया घालवता कामा नये. ‘वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे थांबू’ हा विचार मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण चढलेले पाणी कित्येक दिवस उतरत नाही, वीज बंद असते, नळाला पाणी येत नाही आणि मग नावेशिवाय मार्ग उरत नाही. 8 ऑगस्ट 2019 रोजी ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून माणसे दगावली, हे लक्षात ठेवून सासूबाईंना रस्ता कोरडा असतानाच विश्रामबाग-मिरजेच्या बाजूला उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवावे. त्यांच्याशी आणि वाहनाबाबत जूनमध्येच बोलून ठेवावे.

बाकीची तयारी सोपी आहे. दोन-तीन आठवड्यांची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवावीत, जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 आणि आपत्कालीन 112 हे क्रमांक भिंतीवर लिहावेत. निघताना मेन स्विच बंद करावा, रेग्युलेटर काढून सिलिंडर दोरीने बांधून ठेवावा, कारण रिकामा होत आलेला सिलिंडर पाण्यावर तरंगतो. परतल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये, आणि सामान उपसताना साप-विंचवासाठी हातात काठी असावी.