युरेनियम राहू द्या, हायड्रोफ्लोरिक आम्लाचं विचारा

सप्रेम नमस्कार.

मुलगी बीएस्सी भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. तिला खनिजांतल्या फिशन ट्रॅकवरून, म्हणजे युरेनियमचे अणू फुटून स्फटिकात उमटलेल्या सूक्ष्म रेघांवरून, सह्याद्री कधी वर आला ते शोधायचंय आणि तुम्हाला युरेनियमची व नोकरीची धास्ती, असं पत्रावरून समजलं.

या रेघा ज्यात मोजतात त्या अ‍ॅपेटाइट या खनिजाच्या कणात युरेनियम दहा लाखांत जेमतेम काही भाग ते काही दहा भाग असतं. त्याची भीती नको. युरेनियम मोजण्यासाठी अणुभट्टीत ठेवून आणलेले नमुने किरणोत्सार उतरल्यावरच उघडतात. लेसरने युरेनियम मोजणाऱ्या प्रयोगशाळेत तर भट्टीही लागत नाही. जपायचं ते हायड्रोफ्लोरिक आम्लापासून. भट्टीच्या पद्धतीत नमुन्यावर लावलेल्या अभ्रकावरचे ट्रॅक त्यानेच उघडे करतात. सौम्य आम्ल अंगावर पडलं तर काही तास कळतही नाही, तोवर ते आत उतरलेलं असतं. प्रवेश घेण्याआधी फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) चालू आहे का, या आम्लावरच्या प्रथमोपचाराचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी आहे का, हे बिनधास्त विचारा.

बाकी काम चिकाटीचं. ४-५ किलो खडक फोडून, जड द्रव आणि चुंबकाने अ‍ॅपेटाइट वेगळं करायचं, पॉलिश करून ५.५ मोलर नायट्रिक आम्लात २१ अंशांना २० सेकंद बुडवायचं. वेळ चुकली की ट्रॅक रुंदावून एकमेकांत मिसळतात. मग हजारपट मोठं करून किमान वीसेक कण मोजायचे. नवखे इथेच फसतात: स्फटिकातले दोषही ट्रॅकसारखे दिसतात, पण ते बहुधा वाकडे किंवा एकाच दिशेचे असतात, ट्रॅक सरळ आणि कुठल्याही दिशेचा.

येणारं वय खडकाच्या जन्माचं नसतं. तो साधारण ११० अंशांखाली थंड कधी झाला, त्याचं असतं; त्याहून गरम असताना ट्रॅक पुसले जातात. वय २० लाख वर्षं, पृष्ठभागाचं तापमान १० अंश आणि दर किलोमीटर खोलीला २५ अंश वाढ धरली, तर वरचा चार किलोमीटर खडक झिजला, म्हणजे वर्षाला २ मिलिमीटर. सतलजच्या खोऱ्यात उच्च हिमालयातली वयं ५० लाखांच्या आत येतात. भ्रंशाच्या (खडकातल्या सरकलेल्या भेगेच्या) दोन्ही बाजूंची वयं वेगळी आली, तरच त्याच्या हालचालीबद्दल बोलता येतं.

घाटातल्या बेसाल्टमध्ये मात्र मोजण्याजोगं अ‍ॅपेटाइट क्वचितच मिळतं. नमुने सिंधुदुर्ग-गोव्याच्या नाइस आणि ग्रॅनाइटमधून घ्यावे लागतील.

नोकरीचं म्हणाल, तर निव्वळ या तंत्रावर जागा थोड्या. जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, पुढे नेट किंवा गेटवरून पीएचडी. सोबत यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षाही द्यावी. उष्णतेने ट्रॅक आखूड होण्याचे ६० ते १२० अंश हेच ढोबळमानाने तेल तयार होण्याचेही तापमान, म्हणून तेल कंपन्यांनाही हे ज्ञान लागतं.

त्याआधी मात्र तिला आठवडाभर सूक्ष्मदर्शकाशी बसून मोजू द्या. तिसऱ्या दिवशीही कंटाळली नाही, तर जॅमचा अर्ज भरा.