कंपनी मोठी आहे, पण तुझ्या वाट्याला काय येईल?

भाऊ, अमरावती विद्यापीठाची रसायनशास्त्रातली एम.एस्सी., दारव्ह्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं, आणि आता जर्मनीतल्या बड्या पीकसंरक्षण कंपनीच्या प्रयोगशाळेचं बोलावणं. जाऊ का, विचारतोस. मी आर्णी तालुक्यातली, जर्मनीत राईन नदीकाठी अशाच एका कंपनीत काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

पगार शेवटी बघू. आधी कामाचं. आपल्याकडे बोंडअळीचं औषध म्हणजे कृषी केंद्रातली बाटली. त्या बाटलीत एक नवा रेणू यायला दीड लाखाच्या वर रेणू तपासावे लागतात आणि दहा-बारा वर्षं जातात. त्यातला एखादाच टप्पा तुझा: रेणू उन्हात किती टिकतो, मातीत किती दिवसांत विरतो. तेच काम, वर्षानुवर्षं. माझा एक प्रकल्प निकाल चांगले येत असताना बंद झाला. विज्ञानात खोट नव्हती, वरच्यांनी त्या पिकावरचा खर्चच आवरला. पुढच्या आठवड्यात दुसरं काम हातात. हे ज्याला सोसत नाही त्यानं येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपण लावलेलं उगवताना बघायची सवय असलेल्या घरातल्या पोराला ते जास्तच जड जातं.

शोधनिबंध छापायचा तर कंपनीची परवानगी लागते. पेटंट कंपनीच्या नावावर, पण जर्मनीच्या 1957 च्या कायद्यानं शोध लावणाऱ्या नोकराला वेगळा मोबदला द्यावाच लागतो.

सुख काय? नमुना मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) लावायला कुणाच्या हातापाया पडावं लागत नाही. विषशास्त्रवाला, कीटकशास्त्रवाला त्याच इमारतीत. शंका आली की जिना चढायचा. साहेबाला तोंडावर ‘हे चुकतंय’ म्हटलं तर तो आकडे मागतो, राग धरत नाही. निदान माझा तरी नाही.

आता पैसा. करारात महिन्याला 5,000 युरो लिहिले असतील तर कर आणि विम्याचे हप्ते कापून एकट्या माणसाच्या हातात 3,100 च्या आसपास पडतात; त्यातून घरभाडं. ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी माणसाला नोकरीसाठी मिळणाऱ्या वास्तव्य परवान्यासाठी, तुझ्या विषयाला 2025 साली वर्षाला सुमारे 43,760 युरो पगाराची अट होती. रक्कम दरवर्षी बदलते. डिग्री तिकडे मान्य आहे का ते ‘अनाबिन’ या परदेशी पदव्यांच्या सरकारी यादीत बघून घे.

रजा कायद्यानं किमान 20 दिवस, रसायन उद्योगात बहुधा 30. तरी मृगाच्या पेरणीला ये आणि पोळ्यालाही ये, असं जमत नाही. एकच निवडावं लागतं. बाबांच्या शेताचं कोण बघणार हे घरी आत्ताच बोल, विमानात बसल्यावर नको.

करारात पहिले सहा महिने बहुधा पारखण्याचे (प्रोबेशनचे) असतात. त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढू शकतात. करार मुदतीचा असेल तर मी म्हणेन, बेमुदत मागून बघ, मगच दारव्ह्याचं शिकवणं सोड. जर्मन आजपासूनच सुरू कर: ब्लू कार्डावर ए1 (अगदी प्राथमिक) भाषेला 27 महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, बी1 (मध्यम पातळी) असेल तर 21 महिन्यांनी. प्रयोगशाळेत इंग्रजी चालतं, जेवणाच्या टेबलावर नाही.

कराराचा मसुदा आला की सही करायच्या आत मला पाठव. जर्मन मजकूर वाचून सांगते.