आधी चावी फिरव, मग पार्ट घे

भाऊ, प्लग, कॉइल, फ्युएल पंप सगळं नवं टाकलंस, तरी सकाळी गाडी नुसती घरघरतेच ना? आता खिशात हात घालू नको. चावी फक्त ऑनपर्यंत फिरव, मागच्या सीटखाली पंपाची दोन-तीन सेकंद गुणगुण ऐक, बंद कर. असं तीनदा. मग सेल्फ मार. लगेच उठली तर रात्रीत पेट्रोलच्या लाइनचं प्रेशर उतरतंय: पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) खराब, नाहीतर इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर गळका. नवा पंपही खराब निघतो, माझाच निघाला होता.

फरक नाही पडला तर स्कॅनर लाव, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारं यंत्र. रात्रभर उभ्या गाडीचं कूलंट तापमान हवेच्या जवळपास दिसायला हवं. जळगावच्या मे महिन्यात उणे 40 दिसलं, तर बहुतेक सेन्सरची वायर तुटलीय किंवा कनेक्टर नीट बसलेला नाही. आधी तोच दाबून बघ.