चिनी माती, बोन चायना आणि कॉफीचा मग

प्रश्न असा आला आहे: कॉफीच्या मगाच्या बुडाशी कुठे सिरॅमिक, कुठे स्टोनवेअर, कुठे बोन चायना असं छापलेलं असतं. मराठीत या सगळ्यांना ‘चिनी माती’ म्हटलं तर चालेल का? आणि बोन चायना म्हणजे चीनहून आलेला मग का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. इथला ‘चायना’ म्हणजे देश नव्हे. चीनकडून येणाऱ्या भांड्यांना फारसीत ‘चीनी’ म्हणत. हा शब्द आपल्याकडे रुळला आणि भांड्यांसाठीचा इंग्रजी ‘चायना’ही त्याच्यावरूनच आला. म्हणजे बोन चायनातला चायना आणि चिनी मातीतलं चिनी ही सख्खी भावंडं. दालचिनीतलं ‘चिनी’सुद्धा हेच: फारसी दारचीनी, चिनी लाकूड.

‘बोन’ मात्र अक्षरशः हाडं. 18व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात स्टोक-ऑन-ट्रेंटला जोसाया स्पोड यांनी हे मिश्रण बसवलं. त्यात साधारण निम्मी जनावरांच्या हाडांची राख, उरलेल्या निम्म्यात चिनी माती आणि कॉर्नवॉलचा दगड. म्हणूनच काही शाकाहारी घरांत हे कप चालत नाहीत.

चिनी माती म्हणजे काटेकोरपणे केओलिन नावाची पांढरी माती. चीनमधल्या जिंगदेझेनजवळच्या काओलिंग या ठिकाणावरून हे नाव पडलं. पण ही माती आपल्या सिंधुदुर्गातही निघते, आणि तिथेही तिला चिनी मातीच म्हणतात.

सिरॅमिक हा शब्द फार ऐसपैस. मूळ ग्रीक ‘केरामोस’ म्हणजे कुंभाराची माती, आणि कौलसुद्धा. पणती, कौल, वीट सगळं त्यात बसतं, तेव्हा मगावर नुसतं ‘सिरॅमिक’ लिहिल्याने फारसं काही कळत नाही. स्टोनवेअर मात्र आपल्या चांगलं ओळखीचं. दादरा बांधलेली लोणच्याची जाडजूड बरणी आठवा. सुमारे 1200 अंशांवर भाजल्यामुळे तिच्यात पाणी मुरत नाही. तिला आपण पिढ्यान् पिढ्या चिनी मातीची बरणी म्हणत आलो. मग त्याच जातीच्या मगाला चिनी मातीचा म्हणायला काय हरकत आहे?

फरक पाहायचाच असेल तर कॉफीचा मग उलटा करा. बुडाच्या कडेला बहुधा झिलई नसते, तिथे हाताला खरखर लागते आणि मातीचा मूळ रंग दिसतो. तो तपकिरी किंवा राखाडी असेल तर बहुतेक स्टोनवेअर. पांढरा असेल तर मग दिव्यासमोर धरा आणि आत बोटं घाला. बाहेरून बोटांची सावली दिसली, तर पोर्सलिन (केओलिनचंच, पण हाडांची राख नसलेलं) किंवा बोन चायना.

माझी आजी अशा कपांना ‘काचेच्या कपबश्या’ म्हणायची. लहानपणी मी तिला दुरुस्त करायचो. पण झिलई ही काचच असते, हे मला फार उशिरा कळलं. आपले ओठ लागतात ते काचेलाच.

तेव्हा बोलताना चिनी माती खुशाल म्हणा. जिथे फरक सांगायचाय तिथे स्टोनवेअर, पोर्सलिन, बोन चायना हेच शब्द ठेवा, ‘अस्थिमृत्तिका’ वगैरे घडवू नका. आणि ‘माती’ गाळू नका. ‘चिनी मातीचा मग’ सिंधुदुर्गातल्या मातीचाही असू शकतो, ‘चिनी मग’ मात्र चीनचाच.