पेनड्राइव्हवरून संगणकाची सफाई: कुठवर जावे आणि कुठे थांबावे

चोपड्यातील आपल्या सेवा केंद्राबरोबरच जवळची एक शाळा आणि जिनिंगची दोन कार्यालये येथील संगणकही आपण सांभाळता. ते सगळेच मंदावले असल्याने सीक्लीनर या सफाईच्या सॉफ्टवेअरची पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर घेऊन सगळीकडे चालवावी का, आणि मित्राच्या सल्ल्याप्रमाणे रजिस्ट्रीही (विंडोज आपल्या व प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज जिथे नोंदवते ती नोंदवही) साफ करावी का, असे आपण विचारले आहे. भाऊ, पहिल्या प्रश्नाचे उत्तर काही अटींसह होकारार्थी आहे. दुसऱ्याचे सरळ नाही असे आहे.

पोर्टेबल म्हणजे बसवावे न लागणारे, एवढाच त्याचा अर्थ आहे. झिप फाइल उघडली की प्रोग्रॅम तिथूनच चालतो आणि त्याच्या सेटिंग्जही त्याच फोल्डरमध्ये साठतात. मात्र विंडोजच्या फाइलींना हात लावण्यासाठी त्याला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागतेच, आणि पुसलेली फाइल ही बसवलेल्या सॉफ्टवेअरने पुसलेल्या फाइलीइतकीच गेलेली असते. त्यामुळे शाळेच्या प्रयोगशाळेत काम करण्यापूर्वी संबंधित शिक्षकांना विचारून घेणे बरे.

खरी काळजी सॉफ्टवेअरची नसून पेनड्राइव्हची आहे. चार ठिकाणी फिरणारा पेनड्राइव्ह एका ठिकाणचा व्हायरस उरलेल्या तीन ठिकाणी पोहोचवतो. फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसू लागणे, हा प्रकार झेरॉक्सच्या दुकानांतून आपण पाहिलाच असेल. पेनड्राइव्ह लावताच प्रोग्रॅम आपोआप सुरू होण्याची सोय विंडोज ७ पासून बंद झाली आणि २०११ मध्ये एक्सपी व व्हिस्टासाठीही तसा अपडेट आला. पण त्या शॉर्टकटवर आपणच डबल क्लिक केले तर या बंदोबस्ताचा उपयोग राहत नाही. म्हणून ज्याच्या कडेला लेखन (म्हणजे नवी फाइल वा व्हायरस उतरणे) बंद करण्याची बारीक कळ आहे असा पेनड्राइव्ह मिळाला तर तोच घ्यावा. तो न मिळाल्यास कार्ड रीडरमध्ये पूर्ण आकाराचे एसडी कार्ड घालून त्याच्या कडेचे लॉक खाली सरकवले तरी बहुतेक रीडरवर काम भागते. लॉक असताना नव्या सेटिंग्ज साठत नाहीत, तेव्हा काय पुसायचे आणि काय नाही हे घरच्या संगणकावर आधीच ठरवून मग लॉक करावे. दोन्ही शक्य नसेल तर प्रत्येक फेरीनंतर पेनड्राइव्ह खात्रीच्या संगणकावर फॉरमॅट करून झिप पुन्हा उतरवणे, हा कंटाळवाणा पण खात्रीचा मार्ग आहे.

प्रत नेहमी मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि ती जुनी होऊ देऊ नये. ऑगस्ट २०१७ मध्ये सीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता. ती आवृत्ती कंपनीच्याच सर्व्हरवरून, कंपनीच्याच वैध डिजिटल सहीने सुमारे महिनाभर वाटली जात होती आणि सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांपर्यंत पोहोचली. पोर्टेबल प्रत सहसा स्वतःहून अद्ययावत होत नाही, त्यामुळे अशी एखादी आवृत्ती पेनड्राइव्हवर राहून गेली तर ती तिथेच राहते.

माझ्या मते तर सुरुवात विंडोजच्या स्वतःच्या डिस्क क्लीनअपनेच करावी. त्यात ‘क्लीन अप सिस्टीम फाइल्स’ दाबल्यावर जुन्या अपडेटचे अवशेष दिसतात आणि बऱ्याचदा त्यातूनच काही जीबी जागा मोकळी होते. मात्र यादी डोळ्यांखालून घातल्याशिवाय ओके दाबू नये, कारण विंडोज १० च्या काही आवृत्त्यांत त्या यादीत ‘डाउनलोड्स’ हे फोल्डरही येते. सेवा केंद्रात उत्पन्नाचे दाखले, सातबाऱ्याचे उतारे, अर्जांच्या पावत्या हे सारे तिथेच पडलेले असते, आणि प्रवेशाच्या दिवसांत ते पुसले गेले तर ग्राहक दारात उभे राहतील. ग्राहकांच्या आधारच्या प्रती तिथे महिनोन्‌महिने पडून राहू नयेत हेही तितकेच खरे; परंतु त्या आपण स्वतः पाहून पुसाव्यात, ते काम सॉफ्टवेअरवर सोपवू नये. ब्राउझरच्या बाबतीत कॅशे (पाहिलेल्या पानांच्या साठवलेल्या प्रती) पुसायला हरकत नाही, पण कुकीज (लॉगइन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या फाइली) पुसल्या की सगळ्या पोर्टलवरून लॉगआउट होते, आणि साठवलेल्या पासवर्डांवर खूण केलेली असेल तर तेही जातात. त्या खुणा आधीच काढून ठेवाव्यात.

रजिस्ट्रीच्या नोंदी पुसून संगणक वेगवान होत नाही, कारण त्या नोंदी जागा फारच थोडी घेतात. उलट अंगठ्याचे यंत्र, डिजिटल सहीचे टोकन किंवा जुना प्रिंटर यांच्या ड्रायव्हरची नोंद ‘निरुपयोगी’ ठरून उडाली तर दिवसभराचे काम अडते. अशा क्लीनरच्या वापराला आपला पाठिंबा नसल्याचे मायक्रोसॉफ्टनेही जाहीर केलेले आहे. मोकळी जागा पुसण्याचा (म्हणजे पुसलेल्या फाइली परत मिळू नयेत म्हणून रिकाम्या जागेवर पुन्हा लिहिण्याचा) पर्यायही बंदच ठेवावा. तो हार्ड डिस्कवर तासन्‌तास चालतो आणि एसएसडीची (फिरते भाग नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कची) विनाकारण झीज करतो. हार्ड डिस्क असलेला जुना संगणक विकायचा असेल तेव्हाच त्याचा उपयोग.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण आपल्या भागात ती सांगायलाच हवी. सकाळी बरा चालणारा संगणक दुपारी रेंगाळत असेल, तर दोष फाइलींचा नसून उष्णतेचा असण्याची शक्यता अधिक आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि जिनिंगच्या कार्यालयात हंगामभर कापसाचा तूस पंख्यात व हीटसिंकमध्ये (प्रोसेसरची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत) बसत राहतो. प्रोसेसर तापला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि त्यावर कोणतेही क्लीनर चालत नाही. संगणक बंद करून, वायर काढून आणि पंख्याचे पाते बोटाने धरून ब्लोअर मारावा. त्यानंतरही टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा सतत १०० टक्क्यांवर दिसत असेल आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर सफाईत वेळ न घालवता त्या ठिकाणी एसएसडी बसवण्याचे सुचवावे.