चर्चच्या गटासोबत पहिल्यांदाच युगांडाला सेवेसाठी जातोय. एंटेबे विमानतळावर उतरण्याआधी काय तयारी ठेवावी?

सगळ्यात आधी यलो फीव्हरची लस. ती घेतल्यावर १० दिवसांनीच प्रमाणपत्र लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. ते पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच खोचून ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. परत येताना भारतातही ते बघतात. नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये राहावं लागू शकतं. आमच्यातल्या एका काकूंचं कार्ड ऐन रांगेत सापडेना. शेवटी बायबलच्या पानांत निघालं!

व्हिसा ऑनलाइन आधीच काढा. अर्जात येण्याचं कारण खरं तेच लिहा. प्रचार किंवा शिकवण्याचं काम असेल तर कोणता परवाना लागतो ते तिथल्या मंडळीच्या पाळकांना विचारून घ्या. त्यांच्याकडून निमंत्रणपत्र, राहण्याचा पत्ता आणि न्यायला येणाऱ्याचा नंबर घेऊन कागदावर लिहून ठेवा, फोन ऐनवेळी बंद पडतो.

डॉलरच्या नोटा नव्या आणि कोऱ्या न्या, जुन्यांना भाव कमी मिळतो. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करा. आणि ‘वेबाले’ हा शब्द शिकून जा. तिथल्या लुगांडा भाषेत ‘धन्यवाद’. तो ऐकला की समोरचा माणूस लगेच हसतो.